शून्य वस्तीचा रस्ता

१

अमोनियाचा टँकर गावाजवळून जातो तेव्हा गावाला त्याचा पत्ताही लागू नये, असं ताईचं म्हणणं होतं. बाया आपल्या भाजी निवडतायत, पोरं पाढे म्हणतायत आणि आपला टँकर कधी आला नि कधी गेला कुणाला कळलंच नाही, म्हणजे आपलं काम चोख झालं.

डेपोतले सगळे ड्रायव्हर तिला ताईच म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले काकासुद्धा. पहिल्या मजल्यावर तिची खोली. एका भिंतीवर मोठा नकाशा, त्यात शाळांना लाल टाचण्या, दवाखान्यांना पिवळ्या, विहिरी-तलावांना निळ्या. समोरच्या भिंतीवर पडदा आणि पडद्यावर मुंग्यांसारखे सरकणारे सहा हिरवे ठिपके. कुठला टँकर कुठल्या रस्त्याने, किती वाजता जाणार, कुठे थांबणार, कुठे अजिबात थांबणार नाही, हे सगळं ती ठरवायची. वारा कुठून वाहतोय तेसुद्धा रोज बघायची. ठिपका पाच मिनिटं जास्त थांबला की तिचा फोन गेलाच.

“घरी बायको आणि इथे ताई,” काका म्हणायचे, “चोरून विडी ओढायची म्हटली तरी सोय नाही.”

जुना रस्ता शहराच्या पोटातून जात होता. दोन शाळा, एक मोठा दवाखाना, बाजार आणि रेल्वेचं फाटक. मागच्या वर्षी त्यातल्याच एका शाळेसमोर टँकरचा व्हॉल्व्ह गळला. सुट्टीचा दिवस होता म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून ताईच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. तिने वर्षभर साहेबांच्या मागे धोशा लावला आणि टेकडीमागचा रस्ता मंजूर करून घेतला. अठरा किलोमीटर लांब, पण मोकळा. दोन्ही बाजूंना अर्ध्या किलोमीटरमध्ये किती माणसं राहतात ते मोजावं लागतं, म्हणून ती स्वतः वही घेऊन सगळा रस्ता पायी फिरली. वाटेत एका बंद कारखान्याच्या कामगारांच्या चार इमारती होत्या, तीन-तीन मजली, दहा वर्षं ओस. दारं-खिडक्या लोकांनी केव्हाच काढून नेलेल्या. ती प्रत्येक जिना चढली, प्रत्येक खोलीत डोकावली. मग फॉर्मवर लिहिलं, वस्ती शून्य. टँकर तिथून दुपारी बारा ते पाऊणच्या दरम्यान जातील असं वेळापत्रक बसवलं, कारण त्या वेळेला पुढच्या गावचा रस्ता मोकळा असतो.

त्या रात्री ती किती दिवसांनी पोटभर जेवली. बाबा समोर बसून बघत होते. ते वीजमंडळात लाइनमन होते. आयुष्यभर खांबावर चढून गुडघ्यांचा पार खुळखुळा झालेला, एका कानाने ऐकू कमी. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून ते काठी टेकत फार तर गॅलरीपर्यंत जात.

“ठमे,” ते म्हणाले, “तुझे टँकर मार्गी लागले म्हणायचे. आता तू कधी लागतेस?”

२

आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग तिच्या लक्षात आलं की त्या चार इमारतींपाशी काकांचा ठिपका अडखळतो.

चाळीसचा वेग बारावर यायचा, पन्नास सेकंदांनी पुन्हा चाळीस. काका असे ब्रेक मारत की डॅशबोर्डवरच्या कपातला चहा हलत नसे. त्यांचा वेग उगाच पडायचा नाही. खड्डा असेल, ती म्हणाली. तिने बाकीचे ठिपके बघितले. पाचही जण तिथेच मंदावत होते, तिसऱ्या इमारतीसमोर. आठवडाभराने पन्नासाची ऐंशी सेकंदं झाली.

टँकरच्या काचेवरचा कॅमेरा फक्त समोरचा रस्ता बघतो. त्यात काहीच नव्हतं. कोरं डांबर आणि ऊन.

ड्रायव्हरांपैकी पैलवान डेपोतल्या पाण्याच्या टाकीपाशी पाणी पीत उभा होता. सहा फुटी, मानेची वळी शर्टाबाहेर आलेली आणि स्वभावाने मांजराचं पिल्लू. तिने त्याला गाठलं.

“तिथे खड्डा आहे का रे?”

“छे हो ताई, रस्ता लोण्यासारखा आहे.”

“मग गाडी का हळू करतोस?”

तो लाजला. “काही नाही. जरा हात करतो.”

“कुणाला?”

“मामीला.” त्याने तोंड पुसलं. “म्हणजे मामीसारखी दिसते हो कुणीतरी. गॅलरीत उभी असते. मामीनेच मला वाढवलं ना, लांबून तशीच वाटते. ती हात करते, मग मीही करतो. एवढ्यावरून मेमो देऊ नका हं.”

मामी कुठे असते, असं तिने विचारलं. मामी त्याच्या घरी होती, धडधाकट. सकाळी तिनेच डबा भरून दिला होता.

म्हणजे कुणीतरी येऊन राहिलंय, ताईने स्वतःला सांगितलं. बेघर कुटुंब असेल. पण मग वस्ती शून्य नाही, आणि शून्य नसेल तर हा रस्ताच चुकीचा. तिला त्या बाईची नाही, आपल्या आकड्याची काळजी वाटली. पुढे ते आठवून तिला लाज वाटायची.

३

संध्याकाळी काका आपणहून वर आले. टोपी काढून खुर्चीच्या टोकावर बसले.

“पैलवान काय म्हणाला ते कळलं. त्याला मामी दिसते?”

“मामीसारखी कुणीतरी.”

“मला आमची ही दिसते.” काका हसले, पण हसू मिशीपर्यंतच आलं. “दुसऱ्या मजल्यावर. तीच नेहमीची हिरवी साडी. मी म्हटलं, म्हातारपणी बायको दिसायला लागली म्हणजे आपण कामातून गेलो. म्हणून परवा गंमत केली. गाडी हळू केली आणि स्पीकरवर हिला घरी फोन लावला. म्हटलं, कुठे आहेस? ती म्हणाली, घरी, आणखी कुठे असणार? आवाज आमच्याच स्वयंपाकघरातला, मागे कुकरची शिट्टी.”

“मग झालं तर. ती घरी होती.”

“होती ना.” काका टोपीची कड चाचपत राहिले. “पण ताई, ती गॅलरीतली पण कानाला फोन लावून उभी होती. मी फोन ठेवला, तशी तिने हात खाली घेतला.”

खाली कुणीतरी टँकर धूत होतं. पाण्याचा मारा पत्र्यावर बसत होता. ताईने नकाशाकडे बघितलं. त्या जागी एकही टाचणी नव्हती.

“ऊन असतं, काका. लांबून काहीही दिसतं.”

“तेच म्हणतो मी,” काका म्हणाले. उठताना त्यांनी टेबलावरचं तिचं पेन उगाच सरळ करून ठेवलं. “वाईट वाटत नाही हो तिथे. तेच जरा कसंतरी वाटतं. इतकं बरं वाटतं की निघवत नाही.”

४

तिने डेपोचे दोन रखवालदार पाठवले. त्यांनी चारही इमारती पालथ्या घातल्या. कबुतरं, धूळ आणि भिंतींवर कोळशाने काढलेले हिशेब. धुळीत पावलं होती ती फक्त त्यांची स्वतःची. थोरला रखवालदार सगळं सांगून झाल्यावरही दारात उभा राहिला.

“अजून काही?”

“नाही ताई. मला जरा सुट्टी पाहिजे. आईला भेटून यावं म्हणतो. उगाच, आठवण आली.”

ताईने फर्मान काढलं: त्या टप्प्यात वेग चाळीसच्या खाली आला तर मेमो. काचा वर, नजर समोर. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन दिवस ठिपके शहाण्यासारखे सरकले.

चौथ्या दिवशी बारा वाजून चौदा मिनिटांनी काकांचा ठिपका थांबला.

५

भरलेला टँकर सोडून ड्रायव्हर कधीही उतरत नाही. या धंद्यात नव्या माणसाला हे पहिलं शिकवतात, आणि डेपोत ते शिकवायचं काम काकांकडे होतं.

तिने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पडद्यावरचा ठिपका जागच्या जागी लुकलुकत होता. मागून पैलवान येत होता, नऊ मिनिटांच्या अंतरावर. तिने त्याला सांगितलं आणि ती नऊ मिनिटं उभीच राहिली, खुर्चीची पाठ धरून.

“ताई, दार उघडं आहे,” पैलवानाचा आवाज आला. “इंजिन चालू आहे. टाकी ठीक आहे, वास नाही. काका... थांबा हं. काका! अहो काका!” मग नुसता धापांचा आवाज. “सापडले. जिन्यापाशी आहेत. एक पाय पायरीवर ठेवून उभे आहेत. ऐकतच नव्हते हो. मी उचलूनच आणलं.”

“तू वर बघू नकोस.”

“नाही बघत,” तो म्हणाला. आणि जरा वेळाने, अगदी बारीक आवाजात, “पण हाक मारतायत.”

“कोण?”

“निघतो ताई.”

काका डेपोत आले ते वाळून गेल्यासारखे. तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला.

“जेवायला वर येताय ना, असं विचारलं तिने,” ते म्हणाले. “घरी विचारते तसंच. इतकी वर्षं दुपारचं जेवण तिच्यासोबत झालं नाही माझं. कधीच नाही. मी म्हटलं, आलो.” आणि त्यांचा आवाज फुटला. “भरलेली गाडी, ताई. मी भरलेली गाडी सोडून उतरलो. मला काढून टाका.”

“काढून टाकते तर! मग मला शिव्या कोण देणार?” ती म्हणाली. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

६

दुसऱ्या दिवशी तिने सहाही टँकर डेपोत थांबवले आणि डेपोची छोटी गाडी घेऊन एकटी निघाली. पैलवान बरोबर येतो म्हणत होता. तिने त्याला पडद्यासमोर बसवलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिने तिसऱ्या इमारतीसमोर गाडी उभी केली. इंजिन बंद करून काच खाली घेतली. तापलेलं बॉनेट टिकटिक वाजत होतं. कुठल्यातरी गॅलरीत कपडे वाळत घालायची तार उरली होती, तिचा वाऱ्यावर बारीक आवाज येत होता. कबुतरं गप्प होती. दारं नसलेले ते काळे चौकोन तिने एकेक करून बघितले, टाचण्या मोजाव्यात तसे. पहिला मजला, काही नाही. दुसरा मजला.

दुसऱ्या मजल्यावर बाबा उभे होते.

गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा, उजवा हात काठीवर. गिलाव्याचा पोपडा आहे, तिने स्वतःला सांगितलं. मागे सावली आहे, ऊन डोक्यावर आहे, सकाळपासून पोटात काही नाही, आठवडाभर काकांच्या गोष्टी ऐकतेय. पटण्यासारखी एकेक कारणं ती ओळीने मांडत गेली. गिलाव्याच्या पोपड्याने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. बोटं पसरून, मनगट जरासं आत वळवलेलं. खांबावरून पडून मोडलेलं ते मनगट पुढे तसंच वळत असे.

तिला भीती वाटली नाही. लहानपणी शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर त्यांची सायकल दिसली की जसं व्हायचं तसं झालं. दिवस संपला, आता घरी. तिचा हात दाराच्या मुठीवर गेला होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरून मागे आणला. आणि घरी फोन लावला.

७

वरच्या माणसाने हात कानाशी नेला.

“हॅलो!” बाबा ओरडले. फोनवर ते नेहमी ओरडायचे. “अगं, फोन कसला करतेस? वर ये की!”

“बाबा, तुम्ही कुठे आहात?”

“गॅलरीत! दिसत नाही का तुला?”

“घरच्या गॅलरीत ना?”

“मग काय दुसऱ्याच्या? ठमे, किती वेळ झाला, खाली रस्त्यावर उभी आहेस. मी हात करतोय, तूही हात करतेस. वर का येत नाहीस? पाय दुखतोय का?”

ताईने दोन्ही हातांकडे बघितलं. एका हातात फोन होता, दुसरा मांडीवर होता. तिने कुणालाच हात केला नव्हता.

“बाबा, ती मी नाही.”

“काय म्हणतेस? ऐकू येत नाही नीट. थांब, मीच येतो खाली.”

“येऊ नका! बाबा, जिना उतरू नका! आत जा!”

“आलो आलो,” बाबा खुशीत म्हणाले.

गॅलरी रिकामी झाली. फोन त्यांनी बहुतेक तसाच लेंग्याच्या खिशात टाकला होता, कारण आता त्यातून कापडाची खसफस येत होती आणि तिच्यातून काठी. ठक. मग घासत येणारा पाय. ठक. समोरच्या इमारतीच्या काळ्या जिन्यातूनही तेच येत होतं. ठक, आणि घासत येणारा पाय. फोनमधली ठक आणि जिन्यातली ठक यांत केसाएवढंही अंतर नव्हतं. घरचा जिना सव्वीस पायऱ्यांचा. तिला मोजायचं नव्हतं, पण ती मोजत होती. आठ. नऊ. मधल्या वळणावर ते दम खायला थांबले. इथेही थांबले.

एकदा वाटलं, धावत जावं आणि त्यांना हाताला धरून उतरवावं. पडतील ते. त्या गुडघ्यांनी एकटे कसे उतरतील? हे वाटणं इतकं खरं होतं, इतकं तिचं स्वतःचं होतं, की तिला काकांचा पायरीवरचा पाय कळला.

पंचवीस. सव्वीस.

जिन्याच्या तोंडाशी, अंधार आणि ऊन यांच्या मधल्या रेषेवर, काठीचं टोक आलं. त्यामागे चप्पल. चपलेतली बोटं उन्हात यायच्या आत ताईने गाडी सुरू केली आणि मागे न बघता निघाली.

मांडीवरच्या फोनमधून बाबांचा आवाज आला. ओरडून नाही. इतका हळू ते फोनवर कधी बोलले नव्हते.

“अगं, कुठे चाललीस? थांब की. मी आलो ना खाली.”

८

घरी पोहोचली तेव्हा बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना चहा आणून दिला होता.

“आलीस होय,” ते म्हणाले. रागावले नव्हते, नुसते हिरमुसले होते. “मघाशी तोंड फिरवून गेलीस.”

“कामात होते बाबा.”

“असू दे. मला वाटलं, माझं काही चुकलं.”

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्यांच्या खांद्याला डोकं टेकून रडली. बाबांना कारण कळलं नाही. त्यांनी आपला उरलेला चहा तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांपुढे कागद ठेवला: टेकडीमागचा रस्ता बंद. टँकर जुन्याच रस्त्याने, पण पहाटे साडेपाचपासून, शाळा भरायच्या कितीतरी आधी. एका वेळी एकच, पुढे जीप, फाटकापाशी आपला माणूस. वर्षभर भांडून मिळवलेला रस्ता ती स्वतःच परत करत होती. साहेबांनी कारण विचारलं.

“तिथे माणसं थांबतात, साहेब. त्यांना निघवत नाही.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “उद्घाटनाला मीही गेलो होतो,” ते म्हणाले आणि पुढे काही न विचारता सही केली.

जुना रस्ता नव्या वेळापत्रकात चांगला बसला. काका पहिला टँकर नेऊ लागले आणि दहा वाजता घरी पोहोचून बायकोबरोबर दुपारचं जेवू लागले. पैलवान पुन्हा विनोद करायला लागला. सगळं मार्गी लागलं, असंच कुणीही म्हटलं असतं.

आठवड्याभराने रात्री जेवताना बाबा म्हणाले, “आज बरा वेळ थांबलीस हो खाली. बरं वाटलं.”

ताई दिवसभर डेपोतून हलली नव्हती.

तेव्हापासून ती दुपारी घरी येते. बाराला दहा मिनिटं कमी असताना वर पोहोचते, ताटं गॅलरीत आणते आणि बाबांच्या अगदी जवळ, रस्त्याकडे पाठ करून बसते. ती डेपोतल्या गमती सांगते, बाबा अर्ध्या ऐकतात आणि सगळ्यांना हसतात. काल ती पैलवानाची काहीतरी गोष्ट सांगत होती, तेवढ्यात बाबांची नजर तिच्या खांद्यावरून खाली रस्त्यावर गेली. त्यांचा चेहरा उजळला. उजवा हात वर जायला लागला.

मग त्यांनी शेजारी बसलेल्या तिच्याकडे बघितलं. पुन्हा खाली बघितलं. पुन्हा तिच्याकडे.

हात हळूहळू खाली आला आणि त्यांनी तिचं मनगट धरलं, लहान पोराला रस्ता ओलांडताना धरतात तसं घट्ट.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण बोटं बर्फासारखी होती. “मागे बघू नकोस, बाळा. जेव तू.”